कवा वाजतंय?

कोल्हापुरात कुणाला एकटं वाटायला लागलं, तर त्यानं गाडीचं बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभं राहावं. पहिला माणूस रस्ता ओलांडून येतो, दुसरा मोटारसायकल स्टँडला लावून येतो, तिसरा समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक सोडून येतो आणि त्याच्या मागोमाग ते गिऱ्हाईकही येतं. 'काय झालं?' असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, "कितीचं मॉडेल?" आपण '२००९' म्हणालो की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. "मग बरोबर हाय." बिघाड कुठला ते ठरायच्या आधीच तो बरोबर ठरलेला असतो.

आमची गाडी २००९ च्या दसऱ्याला घेतलेली. पेट्रोलवरची, पाच दारांची, चौघं ऐसपैस बसतील आणि पाचवा बसला की कुणीच ऐसपैस बसणार नाही अशी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही. कुठल्याही कंपनीचं रबर इतक्या वर्षांत कडक होतं, ग्रीस वाळतं, वायरींचं आवरण ठिसूळ होतं, दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात आणि तुटलेली प्रत्येक क्लिप आपापल्या परीनं बोलायला लागते. पंधरा वर्षं झाल्यावर आम्ही गाडी आरटीओत नेली, पर्यावरण कर भरला, तपासणी करून घेतली आणि पुढच्या पाच वर्षांचं पासिंग मिळवलं. म्हणजे सरकारच्या मते ही गाडी २०२९ पर्यंत ठणठणीत आहे. कॉलनीत हे मत कुणालाच मान्य नाही.

खरं तर ज्या गावात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात दिमाखात येते, त्या गावानं आमच्या गाडीला म्हातारी म्हणायला नको. पण मेबॅक दिसली की लोक मोबाइल काढतात आणि आमची दिसली की सल्ले काढतात.

सल्ला देणारा माणूस गाडीकडं बघत नसतो, स्वतःच्या नोकरीकडं बघत असतो. टायरच्या दुकानातले गृहस्थ स्टीअरिंग थरथरलं तरी 'अलाइनमेंट' म्हणतात आणि वायपर बंद पडला तरी 'एकदा अलाइनमेंट बघून घ्या' म्हणतात. बँकेतले साहेब गाडीची आजची किंमत, दुरुस्तीचा खर्च आणि मुदत ठेवीचा दर एका दमात सांगतात आणि उत्तर नेहमी 'विकून टाका' असंच येतं. ते स्वतः गेली कित्येक वर्षं तीच गाडी वापरतात, पण ते हिशेबाबाहेर. आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले काका आहेत. त्यांना मी तरी कधी बिघाडाचं पूर्ण वर्णन ऐकून घेताना पाहिलेलं नाही.

"डिझेल लाइनीत एअर धरली असंल."

"काका, गाडी पेट्रोल आहे."

"तेच म्हणतोय मी. एअर काढा, पळंल."

आमचे मेस्त्री शिवाजी उद्यमनगरात असतात. लेथ, वेल्डिंग आणि फौंड्रीच्या पॅटर्नच्या दुकानांमध्ये त्यांची पत्र्याची शेड आहे. मेस्त्री बॉनेट उघडत नाहीत, गाडीभोवती फेरी मारत नाहीत, मान हलवत नाहीत. ते एकच प्रश्न विचारतात. हा प्रश्न इतका साधा आहे, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपली थट्टा चालली आहे असं वाटतं.

"मेस्त्री, पुढून खडखड येतंय."

"कवा?"

"सारखंच येतंय."

"सारखं काय पण वाजत न्हाई, सर. सारखा वाजतोय त्यो रेडिओ."

मग हळूहळू कळतं, की गाडीच्या दुखण्याचं निम्मं उत्तर त्या 'कवा'मध्येच आहे. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण तोडून गाडी वळवली की चाकाजवळ 'टक टक टक' होतं, सरळ चालली की थांबतं? ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. खाली वाकून बघितलं तर त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं आणि आतलं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं असतं. वेगाबरोबर वाढत जाणारी 'घूंऽऽ' आहे? चाकाचं बेअरिंग. पण कुठलं? उजवीकडं वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा घूं वाढली तर डावं, उतरली तर उजवं. उभ्या गाडीत क्लच दाबला की आवाज सुरू होतो? क्लचचं रिलीज बेअरिंग. क्लच दाबला की उलट थांबतो? मग रोग गिअरबॉक्समध्ये, आणि तिथं खिशाला हात लावूनच ऐकायचं. गतिरोधकावर एकदाच 'धप्प' झालं तर शॉकअबचं माउंटिंग, बारीक खड्ड्यांवरून 'खुळखुळ' आली तर लिंक रॉड. हा शेवटचा भेद कोल्हापुरात करणं अवघड जातं, कारण इथं गतिरोधक संपायच्या आत खड्डा सुरू होतो.

बँकेतल्या साहेबांची डिकीवाली मोठी गाडी मागून वाजायची. शहराबाहेरच्या एका चकाचक सर्व्हिस सेंटरनं त्यांचे मागचे दोन्ही शॉकअब बदलले, बुश बदलले, बिलाबरोबर एक कॅलेंडरही दिलं. आवाज होता तिथंच होता. शेवटी मुदत ठेव मोडायची वेळ आली तेव्हा साहेब उद्यमनगरात आले. मेस्त्रींनी विचारलं, "कवा?" साहेब हिशेबी माणूस, त्यांनी नोंद ठेवली होती. ब्रेक दाबला की एकदा 'गडगड-ठक्', मग गप्प. गाडी सुटली की पुन्हा एकदा 'गडगड-ठक्', मग गप्प. अधूनमधून काहीतरी आतल्या आत हलल्याचा आवाजही येतो.

"डिकी उघडा," मेस्त्री म्हणाले.

डिकीतली फळी उचलली. स्टेपनीच्या कडेला नारळ होता. गेल्या दसऱ्याला गाडीच्या पूजेला आणलेला, घाईत वाढवायचा राहिलेला, 'नंतर बघू' म्हणून तिथं ठेवलेला. आतल्या आत वाळून त्याचा गोटा झाला होता, म्हणून तो दोन प्रकारे वाजत होता. मेस्त्रींनी तो व्हाइसमध्ये धरून फोडला, शेडमधल्या सगळ्यांना खोबरं वाटलं आणि बिल काही घेतलं नाही. साहेबांना त्याचाच जास्त त्रास झाला. नारळ निघाला हे त्यांनी मान्य केलं असतं, पण फुकटात निघाला हे मान्य करणं त्यांना आजवर जमलेलं नाही.

आपली अडचण अशी की 'कवा'चं उत्तर द्यायला कान एकमतानं ऐकणारे लागतात. आमच्या घरात ते नाहीत. बायकोला प्रत्येक आवाज डावीकडून येतो, कारण ती डावीकडं बसते. आईला तो पायाखालून येतो. पुतण्याच्या कानात कायम यंत्रं खोचलेली असतात, त्यामुळं त्याच्या मते गाडी एकदम शांत आहे. यात कुणी खोटं बोलत नाही. गाडीचा सांगाडा पत्र्याचा. पुढच्या डाव्या चाकाशी झालेला ठोका पत्र्यातून फिरत फिरत येतो आणि डॅशबोर्डच्या खणातून बाहेर पडतो. म्हणून मेस्त्रींचा नियम आहे: आवाज शोधायच्या आधी खण रिकामा करायचा. आमच्या खणातून पीयूसीच्या जुन्या पावत्यांची चळत, अंबाबाईच्या प्रसादाची विरघळून पुन्हा घट्ट झालेली खडीसाखर, बायकोचा 'चोरीला गेलेला' चष्मा आणि गाडीचाच एक स्क्रू निघाला. स्क्रू कुठला हे मेस्त्रींनाही सांगता आलं नाही. "लागला आस्ता तर आतापतूर गाडीनंच मागितला आस्ता," म्हणून त्यांनी तो स्वतःच्या डब्यात टाकला.

त्यात पुन्हा गाडी मेस्त्रींच्या दारात गेली की वाजतच नाही. आपण घरापासून तिथवर तो आवाज अगदी जपून आणलेला असतो. मेस्त्री शेजारी बसतात, उद्यमनगराला एक फेरी होते आणि गाडी इतक्या सभ्यपणे चालते, की आपणच तिची बदनामी करतोय असं वाटावं. मेस्त्री याला फसत नाहीत. सकाळी गार इंजिनात ऑइल वरपर्यंत चढेतो टॅपेट वाजतात, दवानं ओला झालेला बेल्ट किंचाळतो, आणि गाडी त्यांच्या दारात येईपर्यंत ती गरम झालेली असते, सगळं फुगून आपापल्या जागी बसलेलं असतं. "आज गाडी ठेवून जावा. सकाळी सहाला गारच चालू करतो." सकाळी सहाला ती वाजते.

काही दुखणी याच्या उलट्या स्वभावाची. आमची गाडी मध्यंतरी घरून झकास सुरू व्हायची, रंकाळ्यावर भेळ खाऊन आलं की सुरू व्हायची नाही, आणि आणखी एक भेळ खाऊन आलं की पुन्हा सुरू व्हायची. घरात सगळ्यांना हा दोष फार आवडला होता. मेस्त्रींनी भेळीला किती वेळ लागतो तेवढं विचारलं आणि क्रँकचा सेन्सर बदलला. इंजिन बंद केल्यावर गार पाणी आणि वारा दोन्ही थांबतात, त्यामुळं पहिली काही मिनिटं बॉनेटखाली उष्णता उलट वाढते. म्हातारा सेन्सर त्या उष्णतेत मुका होतो आणि गार झाला की बोलतो. पुतण्यानं दुसऱ्या भेळीचा आग्रह दुरुस्तीनंतरही बराच काळ चालू ठेवला.

बॅटरीचं निदान मात्र घरच्या घरी होतं, त्यात मोठेपणा नाही. किल्ली फिरवल्यावर 'टकटकटकटक' अशी माळ लागली तर बॅटरीत जीव नाही. एकच 'टक्' होऊन शांतता पसरली तर हेडलाइट लावायचे आणि पुन्हा किल्ली फिरवायची. दिवे पार मालवले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल, दिवे तसेच ढणढणीत राहिले तर सेल्फ. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनातही आकडा बारावरच अडला, तर बॅटरीला शिव्या देऊ नयेत. अल्टरनेटर तिला जेवायलाच घालत नाहीये. कॉलनीत हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही किल्ली फिरवली आणि 'टक्' ऐकू आलं की गॅलरीतून पहिली सूचना येते ती धक्का मारायचीच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या धक्क्यावर हमखास उठायच्या. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि इंजिनचा मेंदूही. बॅटरी पार शून्य असेल तर अख्खी तालीम लावलीत तरी ती उठत नाही. पण तालीम आलेली असते, तिला 'नको' म्हणता येत नाही.

एका पावसाळ्यात गाडी मिसिंग करायला लागली. सिग्नलला उभी राहिली की अंगभर थरथरायची आणि चढाला खेचायची नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. पुतण्यानं ऑनलाइन मागवलेला एक काडेपेटीएवढा स्कॅनर स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला, मोबाइलला जोडला आणि जाहीर केलं, "पी शून्य तीनशे तीन." म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा पेट्रोल चुकतंय. घरात पहिल्यांदाच गाडीबद्दल कुणीतरी आकड्यात बोलत होतं, त्यामुळं त्याचा दरारा वाढला. मोबाइलनं तिसऱ्या सिलिंडरची नवी कॉइल घ्यायला सांगितलं, आणि कुठल्या दुकानातून घ्यायची तेही सांगितलं.

मेस्त्री स्कॅनरच्या विरोधात नाहीत, त्यांच्याकडंही आहे. पण त्यांच्या मते स्कॅनर गल्ली सांगतो, घर सांगत नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावली, दुसऱ्याची तिसऱ्याला. कॉइल खराब असती तर आकडा तिच्या मागोमाग दुसऱ्यावर गेला असता. गेला नाही. प्लगचीही अदलाबदल केली, तरीही तिसराच. मग मेस्त्रींनी टॉर्च लावला आणि तिसऱ्या इंजेक्टरच्या वायरीवरून बोट फिरवत मागं गेले. बोट थांबलं तिथं आवरण कुरतडलेलं होतं आणि तांब्याची एकच तार कशीबशी तग धरून होती.

"उंदीर," मेस्त्री म्हणाले.

पुतण्यानं विचारलं, याला कोड कुठला येतो? मेस्त्रींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो काडेपेटी घेऊन घरी गेला.

उंदरावर उपाय सुचवायला सगळी कॉलनी आली. डांबरगोळ्या, फिनेल, चिकट पाट्या, आवाज काढणारं यंत्र. त्यातली निपाणीची तंबाखू आईला पटली. तिनं जुन्या सुती धोतराच्या पुरचुंड्या करून इंजिनभोवती बांधल्या. उंदीर पुन्हा आला नाही हे खरं. पण पुढच्या सर्व्हिसिंगला मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, क्षणभर थांबले, एक पुरचुंडी सोडवली, तळहातावर चिमूट घेतली, खिशातला चुना काढला आणि मळता मळता म्हणाले, "माल चांगला हाय." तेव्हापासून आमच्या गाडीचं ऑइल बदलायला शेडमधली चारही पोरं स्वखुशीनं पुढं येतात.

पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा प्रकरण जरा नाजूक झालं. टाकीजवळची रबरी नळी कडक होऊन तडकली होती. मेस्त्री सहज बोलून गेले, "इथेनॉलनं केलंय." आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि २००९ च्या गाडीची रबरं, गॅसकेटं त्या बेतानं बनवलेली नाहीत हे खरंच आहे. लिटरमागं इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच, त्यामुळं अ‍ॅव्हरेजही थोडं उतरतं. पण हे पुण्यात बोलायला ठीक. आमच्या शेजारी साखर कारखान्याचे सभासद राहतात, आणि ते इथेनॉल त्यांच्या उसाचं असतं. ते कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाले, "तुमच्या गाडीची नळी फुटली म्हणून आमच्या दराची नळी फोडू नका." मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. इतक्या वर्षांची नळी शुद्ध गंगाजलावरही कडक झाली असती. शेवटी मेस्त्रींनी निदान बदललं: नळी वयानं गेली. सभासदांनी खूश होऊन दिवाळीला त्यांना साखरेचं पोतं धाडलं. मला नाही.

पण मेस्त्रींच्या विद्येची खरी परीक्षा झाली ती करूळ घाटात. मे महिना, कोकणातून परतत होतो. मागं बायको, आई आणि आत्या, आत्याच्या मांडीवर फणस, पुढं पुतण्या आणि त्याच्या पायात आंब्यांची पेटी. घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा वर सरकला. वळण अरुंद, मागं ट्रक, थांबायला जागा नाही. मी एसी बंद केला. काटा तरी चढतच होता. पुतण्यानं मेस्त्रींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"कवा तापत्या?" मेस्त्रींनी विचारलं.

"चढाला. खाली सपाटीला ठीक होती."

"मग फॅन फिरत न्हाई. हीटर लावा."

"मेस्त्री, ऐकू आलं का? गाडी तापलीय."

"म्हणूनच म्हणतोय. हीटर फुल्ल लावा. पंखा चारवर."

हीटर हा मुळात आतल्या माणसांसाठी ठेवलेला एक छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनची उष्णता थोडी तरी केबिनमध्ये येते. तत्त्व एकदम बिनचूक आहे. फक्त त्या तत्त्वाच्या दुसऱ्या टोकाला आई, आत्या आणि फणस होते. गाडीत अशी भट्टी पेटली की फणसाचा वास आधी पसरला आणि मग त्यानं कुणाला जागाच ठेवली नाही. आत्यानं फोनकडं तोंड करून मेस्त्रींना विचारलं, तुम्ही कुणाचे कोण? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "गरम हवा येत्या न्हवं? मग पाणी फिरतंय, काळजी न्हाई. गार यायला लागली तर तिथंच गाडी बंद करा, पाणी संपलंय." त्यामुळं आम्ही पाचही जण त्या घामाघूम अवस्थेत, गार हवा येऊ नये म्हणून देवाची प्रार्थना करत होतो.

काटा मात्र जागीच थबकला. पुढं रुंद जागा मिळाली तिथं थांबलो. बॉनेट उघडलं, आणि कुठून कोण जाणे, भर घाटातही माणसं जमली. कुणीतरी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तेव्हा स्पीकरवरून मेस्त्री पहिल्यांदाच ओरडले. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. एक वयस्कर गृहस्थ ओला पंचा घेऊन आले. त्यांनी कुर्ल्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी आयुष्यभर चालवली होती. "पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका, पेट्रोलची वाफ झालीय." पद्मिनीला ते औषध रामबाण होतं, कारण तिचा पंप गरम इंजिनला चिकटलेला असायचा. आमच्या गाडीचा पंप टाकीत, म्हणजे मागच्या सीटखाली. गृहस्थांनी वाकून बघितलं, तिथं आत्या बसली होती. त्यांनी पंचा आत्याला दिला. निदान चुकलं, पण त्या पंच्याचा उपयोग इतका अचूक दुसरा झाला नसता.

मेस्त्रींनी एसी लावून बघायला सांगितला. एसी लावला की फॅननं फिरायलाच हवं. नाही फिरला. फ्यूज बघितला, शाबूत होता. "मग रिले. शेजारी हॉर्नचा रिले आसंल, त्योच मापाचा. त्यो काढून फॅनच्या जागी घाला." घातला. फॅन घुमायला लागला आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

एसी लावायचा नाही, असं मेस्त्रींनी बजावलं. हॉर्नचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. करूळ घाटात वळणावळणावर हॉर्न लागतो. पहिल्याच आंधळ्या वळणावर मी तो दाबला आणि शांतता वाजली. तेव्हा आत्यानं काच खाली केली, फणस आईकडं दिला, ओला पंचा डोक्याला गुंडाळला आणि अर्ध्या अंगानं बाहेर झुकून ओरडली, "ओ दादाऽऽ, आलोय आम्हीऽऽ!" समोरचा ट्रक जागीच उभा राहिला. आत्याचं माहेर-सासर दोन्ही शेताच्या बांधावरचं, तिचा आवाज पल्लेदार. पुढं गगनबावड्यापर्यंत आम्ही असेच चढलो. एका एसटीच्या ड्रायव्हरनं तर उलट हॉर्न न देता, "या या, मावशी!" असं तोंडी उत्तर दिलं.

त्यानंतर घरात ठराव झाला: गाडी विकायची. मेहुण्यानं सूत्रं हातात घेतली. रविवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक येणार म्हणून त्यानं गाडी धुतली, तंबाखूच्या पुरचुंड्या काढल्या आणि नऊ वाजताच इंजिन चालू करून ठेवलं. कारण होतं. आमची गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मागून निळसर धुराचा एक भपकारा सोडते. रात्रभरात वॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून ऑइलचे चार थेंब खाली उतरतात, तेवढं जळतं. मग दिवसभर धूर म्हणून दिसत नाही. गार चालू केली तरच ते कळतं. "विकणाऱ्यानं गाडी गरम ठेवायची," मेहुणा म्हणाला, "हा पहिला नियम."

दहाला गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता, पहिलीच गाडी घेत होता. म्हणाला, "मला गाडीतलं काय कळत नाही, म्हणून ओळखीचे मेस्त्री बरोबर आणलेत." आणि मोटारसायकलवरून आमचे मेस्त्री उतरले.

त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. मेहुण्यानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, तो उत्साहानं गाडीची महती सांगायला लागला. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, पुढं झाले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कवा चालू केली?"

मेहुणा म्हणाला, "आत्ताच. तुमच्यासमोर."

"बरं." मग ते गिऱ्हाइकाकडं वळले. सकाळचा निळा धूर, तडकलेली आणि बदललेली पेट्रोलची नळी, उंदरानं खाल्लेली वायर, क्रँकचा सेन्सर, करूळ घाट, हॉर्नचा रिले, सगळं एका दमात आणि क्रमानं सांगितलं. गाडीचं अंग न अंग त्यांना इतकं पाठ कसं, हे गिऱ्हाइकाला कळेना. ते फार भारावलं. मेस्त्रींची फी देऊन, आमचे आभार मानून, गाडी न घेता निघून गेलं.

मेहुणा आत गेला. मेस्त्रींनी मोटारसायकलला किक मारली, मग बंद केली.

"सर, पुढचा डावा लोअर आर्म वाजाय लागलाय," ते म्हणाले. "बुधवारी घेऊन या. आणि पुरचुंड्या परत बांधून आणा."